स्वस्त प्रोसेसर कीं सर्व्हरचा प्रोसेसर?

बैलबाजारांत उभा असलेला शेतकरी बैलाचे दांत पाहतो, खूर तपासतो, चार पावलें चालवून बघतो आणि मग किमतीची बोली करतो. संगणक विकत घेणाऱ्या गृहस्थाला ही सोय नाहीं. प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा गणित करणारा भाग, बाहेरून पाहिला तर धातूचें झांकण घातलेली एक लहानशी चौकोनी वडी, एवढाच दिसतो. आंत काय आहे तें डोळ्यांना कळत नाहीं. कळते ती फक्त किंमत. आणि दोन प्रोसेसरांच्या किमतींत जें अंतर पडतें, तें पाहून कोणाचीहि मति गुंग व्हावी.

२०१९ सालचेंच उदाहरण घ्यावें. त्या वर्षीं जुलै महिन्यांत ए. एम. डी. या अमेरिकन कंपनीनें ‘रायझन ५ ३६००’ नांवाचा घरगुती संगणकाचा प्रोसेसर बाजारांत आणला. त्याची किंमत १९९ डॉलर होती. पुढच्याच महिन्यांत त्याच कंपनीनें ‘एपिक ७७४२’ हा सर्व्हरचा प्रोसेसर काढला. त्याची किंमत ६,९५० डॉलर, म्हणजे जवळजवळ पस्तीसपट. सर्व्हर म्हणजे एकाच वेळीं अनेकांची कामें करणारा आणि रात्रंदिवस चालू राहणारा संगणक. पस्तीसपट पैसे मोजणाऱ्याला पस्तीसपट वेग मिळत असेल, असा कोणाचाहि समज होईल. पण वस्तुस्थिति निराळी होती. प्रोसेसरच्या आंत स्वतंत्रपणें काम करणारे जे विभाग असतात त्यांना ‘कोअर’ म्हणतात. स्वस्त प्रोसेसरांत असे ६ कोअर होते आणि महागांत ६४. म्हणजे अकरापटींहूनहि कमीच. एका कोअरचा वेग पाहिला, तर स्वस्त प्रोसेसर ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाई, महाग मात्र ३.४ वर थांबे. ज्याचे तुकडे पाडतां येत नाहींत असें एकच काम दोघांना दिलें, तर १९९ डॉलरांचा प्रोसेसर तें बहुधा आधीं संपवी. याहून नवलाची गोष्ट अशी कीं, दोहोंचे कोअर एकाच नमुन्याच्या सिलिकॉनच्या तुकड्यांवर घडविलेले होते. स्वस्तांत असा एक तुकडा होता, महागांत आठ.

मग उरलेले पैसे कशाचे? हा प्रश्न एकट्या २०१९ सालचा नाहीं. घरगुती चिप आणि सर्व्हरची चिप यांची फारकत झाली तेव्हांपासून विद्यापीठें, सरकारी प्रयोगशाळा आणि व्यापारी कंपन्या यांना तो पडत आला आहे. आणि ज्यांनीं त्याचें उत्तर दिलें, त्यांना त्या उत्तराचें मोल कोठें ना कोठें चुकवावें लागलें आहे. त्यांची हकीकत पाहिली म्हणजे निवड कशी करावी, याचा उलगडा पुष्कळसा आपोआप होतो.

मायक्रोप्रोसेसर जन्मला तोच काटकसरीच्या पोटीं. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें ‘४००४’ ही चिप विक्रीस काढली. ती मूळ एका जपानी कंपनीच्या हिशेबाच्या यंत्रासाठीं तयार केलेली होती आणि तींत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्या काळीं बँका आणि सरकारी खातीं यांचे संगणक खोलीभर जागा व्यापीत. त्यांच्याशीं या चिमुकल्या चिपची तुलना करण्याचें फारसें कोणाच्या मनांत आलें नसतें. १९८१ च्या ऑगस्टांत आय. बी. एम. कंपनीनें आपला घरगुती संगणक बाजारांत आणला, तेव्हांहि काटकसरीनेंच कौल दिला. इंटेलच्या ‘८०८६’ या प्रोसेसरची ‘८०८८’ ही स्वस्त आवृत्ति तिनें पसंत केली. दोहोंचें अंतरंग सारखें, दोघेहि सोळा अंकांचा घास एकदम घेणारे. पण ८०८८ चा बाहेर जाण्याचा मार्ग आठ अंकांचाच होता. वाडा सोळा खणांचा आणि दार निम्म्या रुंदीचें, असा तो प्रकार होता. दार अरुंद असल्यामुळें त्याला जोडावयाचे इतर भागहि स्वस्तांतले चालत. पुढच्या साऱ्या घरगुती संगणकांचा वंश या अरुंद दारांतून बाहेर पडला.

किमतीचें अंतर म्हणजे मालाचें अंतर असतेंच असें नाहीं, हा धडाहि बाजारानें लौकरच दिला. १९९१ सालीं इंटेलनें ‘४८६ एस्‌एक्स’ हा स्वस्त प्रोसेसर काढला. प्रारंभींच्या कित्येक एस्‌एक्स चिपा म्हणजे महाग ‘डीएक्स’ चिपाच होत्या. त्यांतील अपूर्णांकांचें गणित झपाट्यानें करणारा विभाग तेवढा बंद करून ठेवलेला असे. पुढें मालकाला तो विभाग हवासा वाटला, तर त्यानें ‘४८७ एस्‌एक्स’ नांवाची जोडचिप विकत घ्यावी. ती जोडचिप वास्तविक एक सबंध प्रोसेसरच होती. ती बसवितांच सारें काम तीच हातीं घेई आणि मूळचा प्रोसेसर निजून राही. स्वस्त आणि महाग यांमधील भिंत कित्येकदां कारखान्याच्या गरजेनें न उभारतां दुकानाच्या हिशेबानें उभारली जाते, याचें हें ठळक उदाहरण होय.

परंतु प्रत्येक भिंत अशीच पोकळ असते, असें मानणें धोक्याचें आहे. १९९५ च्या नोव्हेंबरांत ‘पेंटियम प्रो’ आला, आणि एका घराण्याच्या दोन शाखा स्पष्ट दिसूं लागल्या. यांतील भेद समजण्यासाठीं स्वयंपाकघराचा दाखला पुरेसा आहे. मीठमसाला आणण्यासाठीं स्वयंपाक करणारी बाई दर खेपेस कोठीच्या खोलीकडे जाऊं लागली, तर तिचा हात कितीहि चपळ असला तरी जेवणाला उशीर व्हावयाचाच. म्हणून ती चुलीशेजारच्या फळीवर मिसळणाचा डबा ठेवते. मेमरी ही संगणकाची कोठी. आणि प्रोसेसरजवळची ही लहानशी फळी म्हणजे ‘कॅश’. पेंटियम प्रोमध्यें ही फळी प्रोसेसरच्याच वेष्टनांत बसविलेली असून ती त्याच्या पूर्ण वेगानें चाले. त्यामुळें तो महाग पडे, आणि सर्व्हर व शास्त्रीय कामाचीं यंत्रें हेंच त्याचें मुख्य क्षेत्र झालें. अमेरिकेंतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेंत असे नऊ हजारांहून अधिक प्रोसेसर एकत्र जोडून ‘ॲस्की रेड’ हा महासंगणक उभारण्यांत आला. सेकंदाला एक लाख कोटींहून अधिक गणितें करून जून १९९७ च्या महासंगणकांच्या यादींत त्यानें पहिलें स्थान मिळविलें.

पुढच्याच वर्षीं दोन्ही शाखा एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. एप्रिल १९९८ मध्यें इंटेलनें ‘सेलेरॉन’ या नांवानें स्वस्त प्रोसेसर आणला. किंमत उतरविण्यासाठीं त्याची ही दुय्यम कॅश सबंधच काढून टाकलेली होती. चुलीशेजारची फळीच नाहींशी झाल्यावर स्वयंपाकाचें जें व्हावयाचें तेंच झालें, आणि जाणत्या गिऱ्हाइकांनीं त्याला नांवें ठेविलीं. जूनमध्यें त्याच कंपनीचा ‘पेंटियम टू झिऑन’ हा सर्व्हरचा प्रोसेसर निघाला. त्याला ५१२ किलोबाइट किंवा एक मेगाबाइट एवढी पूर्ण वेगाची कॅश होती, असे चार प्रोसेसर एका बोर्डावर एकत्र नांदूं शकत, आणि त्याची किंमत हजार डॉलरांच्या पुढें होती. ऑगस्टांत मात्र सेलेरॉननें कूस बदलली. ‘सेलेरॉन ३०० ए’ या नव्या आवृत्तींत १२८ किलोबाइटच कॅश होती, पण ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर कोरलेली आणि पूर्ण वेगाची. महागड्या पेंटियम टूची कॅश चौपट मोठी असली तरी ती निम्म्या वेगानें चाले. फळी लहान, पण हाताशीं. त्यामुळें कित्येक कामांत दीडशें डॉलरांचा हा प्रोसेसर पेंटियम टूच्या खांद्याला खांदा लावूं लागला. हौशी लोक तर ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० वर पळवीत. १९९९ सालीं तैवानच्या ॲबिट कंपनीनें ‘बी. पी. ६’ नांवाचा बोर्ड विकावयास काढला. त्यावर दोन सेलेरॉन जोडीनें चालत, आणि सर्व्हरची म्हणून राखून ठेवलेली मिजास विद्यार्थ्याच्या टेबलावर अवतरली. ही वाट इंटेलला मंजूर नव्हती. नंतरच्या सेलेरॉनमधून जोडीनें चालण्याची ती शक्ति गेली.

हौशी मंडळींचा हा खेळ टेबलापुरता होता. मोठ्या कामांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें पुढें येई: एक भारी यंत्र घ्यावें, कीं पुष्कळ हलकीं यंत्रें एकत्र जुंपावीं? महासंगणकांचे जनक मानले गेलेले सेमूर क्रे यांच्या नांवावर या बाबतींत एक प्रश्न सांगितला जातो. शेत नांगरावयाचें असेल तर दोन दांडगे बैल बरे, कीं १,०२४ कोंबड्या? प्रश्न विचारणाऱ्याचें उत्तर उघड होतें. कोंबड्यांच्या मानेवर जूं ठरत नाहीं, हें कोण नाकारील?

तरीहि कोंबड्या जुंपण्याची पाळी कित्येकांवर आली, आणि त्यांत पुण्याचाहि समावेश होतो. १९८०-९० या दशकांत अमेरिकेनें भारताला क्रे यांच्या बनावटीचे महासंगणक देण्याच्या कामीं आडकाठी केली. हवामानाच्या अंदाजासाठीं म्हणून त्यांतील एक लहान यंत्र कडक अटींवर मिळालें. तेव्हां १९८८ सालीं पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हा संगणक सिद्ध केला. त्यांत एकहि दांडगा बैल नव्हता. ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ नांवाचे लहान प्रोसेसर त्यांत अनेक संख्येनें जोडलेले होते. शेजाऱ्यांशीं बोलण्यासाठीं प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे जन्मतःच असत. हात धरून सांखळी करावी तशी त्यांची जुळणी होई. खरें कौशल्य चिपपेक्षां कामाच्या वाटणींत होतें. कोणतें गणित कोणी करावें, कोणी कोणासाठीं थांबावें आणि उत्तरें कोठें एकत्र यावींत, हें ठरविणें हाच त्या यंत्राचा आत्मा होता.

१९९४ सालीं अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेच्या गोडार्ड केंद्रांत टॉमस स्टर्लिंग आणि डोनल्ड बेकर यांनीं तर दुकानांत मिळणारे घरगुती प्रोसेसरच घेतले. इंटेलचे १६ ‘४८६ डीएक्स ४’ प्रोसेसर, कचेरींतलें साधें जोडजाळें आणि मोफत मिळणारी ‘लिनक्स’ ही कार्यप्रणाली, एवढ्या भांडवलावर त्यांनीं ‘बेओवुल्फ’ नांवाचा समूह उभारला. जगभरच्या ज्या विद्यापीठांना महासंगणकाची किंमत ऐकूनच परत फिरावें लागे, त्यांना या प्रयोगानें वाट दाखविली.

व्यापारांत या वाटेनें सर्वांत दूरवर गेली ती गूगल कंपनी. १९९८ च्या सप्टेंबरांत ती स्थापन झाली. १९९९ सालच्या तिच्या यंत्रांत एकेका तबकांत कॉर्कचा पातळ थर अंथरून त्यावर चार-चार मदरबोर्ड उघडेच मांडलेले असत. पेटी नाहीं, शोभा नाहीं. या पद्धतीमागील विचार कंपनीच्या लुईस बरोसो, जेफ डीन आणि उर्स होल्झ्‌ल या तीन अभियंत्यांनीं २००३ सालीं एका लेखांत मांडला. तोंवर कंपनीजवळ पंधरा हजारांहून अधिक यंत्रें जमलीं होतीं, आणि त्यांत ५३३ मेगाहर्ट्झच्या एकेरी सेलेरॉनपासून १.४ गिगाहर्ट्झच्या दुहेरी पेंटियम थ्रीपर्यंत नाना तऱ्हा होत्या. त्या लेखांतील हिशेब मोठा बोलका आहे. दोन-दोन प्रोसेसरांच्या ८८ लहान यंत्रांची एक मांडणी सुमारें २,७८,००० डॉलरांस मिळे. तींत एकंदर १७६ प्रोसेसर आणि १७६ गिगाबाइट मेमरी येई. त्याच सुमारास आठ प्रोसेसरांचा एकच मोठा सर्व्हर, ६४ गिगाबाइट मेमरीसह, सुमारें ७,५८,००० डॉलरांस पडे. म्हणजे पावणेतीनपट किंमत देऊन प्रोसेसर मात्र बावीसपटींनीं कमी. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. या हिशेबांत दोन्ही पारड्यांत झिऑन हेच प्रोसेसर होते. तेव्हां प्रश्न केवळ चिपवरील नांवाचा नव्हता; आठ प्रोसेसरांना एकाच मेमरीभोंवतीं बसवून एकजीव यंत्र बनविण्यालाच जबर किंमत पडत होती.

मग साऱ्या जगानें हेंच कां केलें नाहीं? कारण कोंबड्यांनीं नांगरतां येईल असें शेत सर्वांजवळ नसतें. शोध घेण्याचें काम मुळांतच वांटून देण्यासारखें आहे. सूचीचे शेंकडों तुकडे करावे, प्रत्येक तुकड्याच्या अनेक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवाव्या, एक यंत्र बंद पडलें तर दुसऱ्यानें उत्तर द्यावें. यंत्रें रोज मोडणारच, हें गृहीत धरून सारी रचना केलेली होती. बँकेच्या खात्याची गोष्ट तशी नाहीं. एकाच शिलकेंत एकाच क्षणीं दहा जण हात घालतात, आणि त्या शिलकेच्या दहा प्रती करून दहाजणांना वांटतां येत नाहींत. ज्याला स्वस्त यंत्रें वापरावयाचीं, त्याला भरंवशाचें ओझें चिपवरून उचलून स्वतःच्या डोक्यावर घ्यावें लागतें. गूगलजवळ तें ओझें वाहणारे अभियंते होते. ज्याच्याजवळ ते नाहींत, त्याची काटकसर कागदावरच राहते.

तें ओझें किती जड असतें, हें यंत्र बंद पडण्यावरून कळत नाहीं. बंद पडलेलें यंत्र निदान दिसतें. न दिसणारी चूक ही खरी भयंकर. मेमरींत प्रत्येक माहिती शून्य आणि एक या दोनच अंकांनीं लिहिलेली असते. १९७८ मध्यें इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनीं दाखवून दिलें कीं, चिपच्या वेष्टनांतील किरणोत्सर्गी द्रव्याच्या अत्यल्प अंशामुळें निघालेले अल्फा कण मेमरींतील शून्याचा एक किंवा एकाचें शून्य करूं शकतात. अंतराळांतून येणाऱ्या किरणांमुळेंहि असेंच घडतें. चिप बिघडत नाहीं, धूर निघत नाहीं; अंक तेवढा बदलतो.

यावरील उपाय त्याच्याहि आधींपासून माहीत होता. बेल प्रयोगशाळेंतील गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांना शनिवार-रविवारीं यंत्रावर गणित लावून जाण्याची संवय होती. मध्येंच चूक झाली कीं यंत्र तें काम सोडून देई आणि सोमवारीं हातीं कांहींच लागत नसे. या वैतागांतून त्यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेली, स्वतःची चूक स्वतः सुधारणारी अंकपद्धति जन्मास आली. ६४ अंकांबरोबर आणखी ८ अंक पहारेकरी म्हणून ठेवले, तर एक अंक बदलल्यास तो दुरुस्त करतां येतो आणि दोन बदलल्यास निदान ओरड तरी करतां येते. या मेमरीला ‘ई. सी. सी.’ म्हणतात. आठ चिपांच्या जागीं नऊ चिपा घालाव्या लागतात, म्हणून ती थोडी महाग असते. सर्व्हरचे प्रोसेसर ती वापरतात. घरगुती प्रोसेसरांपैकीं कित्येकांत ती सोय बंद ठेवलेली असते, आणि कांहींत असली तरी बोर्ड तिला साथ देईलच असें नसतें.

एक अंक बदलला तर काय होतें? १८ मे २००३ रोजीं बेल्जियममध्यें निवडणूक झाली. ब्रुसेल्स शहराच्या शारबेक या भागांत मतांची मोजणी संगणकानें होत होती. तेथें एका उमेदवाराच्या पदरांत प्रत्यक्षापेक्षां ४,०९६ मतें जास्त पडलीं. तो आंकडा असंभवनीय इतका मोठा होता म्हणून चूक उघडकीस आली. ४,०९६ ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणकाच्या अंकलेखनांत ती बरोबर एका अंकाची किंमत आहे. मोजणीच्या प्रणालींत दोष सांपडला नाहीं, आणि मेमरींतील एक अंक आपोआप उलटला असावा, असाच निष्कर्ष निघाला. चार हजारांच्या जागीं तो अंक आठ किंवा सोळा मतांचा असता, तर ती चूक कोणाच्या लक्षांत आली असती काय?

गूगललाहि हा अनुभव चुकला नाहीं. तिच्या प्रारंभींच्या यंत्रांच्या मेमरींत चूक ओळखण्याची सोय नव्हती. सूची तयार करतांना बिघडलेले अंक आंत शिरत आणि शोधाला भलतींच उत्तरें येत. प्रणालींत निरनिराळ्या तपासण्या घालून वेळ मारून नेतां नेतां शेवटीं ती कंपनीहि ई. सी. सी. मेमरीकडे वळली. २००९ सालीं टोरोंटो विद्यापीठांतील बियांका श्रोडर यांनीं गूगलच्या दोन अभियंत्यांसह तिच्या यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाकांठीं सुमारें एक तृतीयांश यंत्रांत मेमरीची निदान एक तरी दुरुस्त करण्याजोगी चूक घडे, असें त्यांत आढळलें. स्वस्ताईचा ध्वज उभारणाऱ्यांनींच नवव्या चिपचे पैसे मोजण्याचें ठरविलें, ही गोष्ट लहान नव्हे.

याच धड्याची सर्वांत स्पष्ट आवृत्ति अमेरिकेच्या व्हर्जिनिया टेक या विद्यापीठांत पाहावयास मिळाली. २००३ सालीं तेथें श्रीनिधि वरदराजन यांच्या नेतृत्वाखालीं ॲपल कंपनीचे ‘पॉवर मॅक जी ५’ हे टेबलावरचे संगणक १,१०० या संख्येनें विकत घेण्यांत आले. विद्यार्थ्यांनीं स्वयंसेवक म्हणून ते उचलून मांडले आणि जोडले. यंत्रसामग्रीचा खर्च सुमारें ५२ लाख डॉलर आला. त्या काळच्या अग्रगण्य महासंगणकांच्या मानानें ही रक्कम किरकोळच होती. त्या वर्षींच्या नोव्हेंबरच्या यादींत ‘सिस्टिम एक्स’ नांवाचा हा समूह सेकंदाला दहा लाख कोटींहून अधिक गणितें करून जगांत तिसरा आला. कोंबड्यांनीं शेत नांगरून दाखविलें, आणि तेंहि बैलांच्या डोळ्यांदेखत.

पण पॉवर मॅकच्या मेमरीला पहारेकरी नव्हते. हजार यंत्रें कित्येक तास एकच शास्त्रीय गणित करीत राहिलीं, तर कोठें तरी एखादा अंक उलटण्याचा संभव हजारपट होतो. आणि उलटलेल्या अंकानें आलेलें उत्तर बरोबर उत्तरासारखेंच दिसतें. यादींत नंबर लागला म्हणून त्या उत्तरावर पूल बांधतां येत नाहीं कीं औषध ठरवितां येत नाहीं. २००४ सालीं, म्हणजे वर्षभरांतच, तीं सारीं यंत्रें काढून त्यांच्या जागीं ॲपलचेच ‘एक्ससर्व्ह’ हे सर्व्हर बसविण्यांत आले. त्यांतील प्रोसेसर त्याच घराण्याचे होते, थोडे अधिक वेगाचे. मुख्य भेद मेमरींत होता, ती ई. सी. सी. होती. त्या वर्षाच्या अखेरच्या यादींत समूहाचा वेग वाढलेला होता, क्रमांक मात्र सातवा होता. क्रमांक उतरला आणि उत्तर विश्वासार्ह झालें. शास्त्राच्या दृष्टीनें हा सौदा फायद्याचाच म्हटला पाहिजे.

एवढ्यावरून महाग तें चांगलें असा निष्कर्ष काढणाऱ्यानें ‘इटेनियम’ची गोष्टहि ऐकावी. एच. पी. आणि इंटेल या दोन कंपन्यांनीं मोठ्या सर्व्हरांसाठीं अगदीं नव्या घडणीचा हा प्रोसेसर योजिला, आणि २००१ सालीं तो बाजारांत आला. घरगुती चिपांची भाषा त्याची मातृभाषा नव्हती. जुन्या प्रणाली त्याच्यावर मंद चालत. एप्रिल २००३ मध्यें ए. एम. डी.नें ‘ऑप्टेरॉन’ काढला. त्यानें घरगुती चिपांचीच भाषा ठेवून तिला मोठ्या मेमरीचें व्याकरण शिकविलें होतें. पुढच्या वर्षीं इंटेललाहि आपल्या झिऑनमध्यें तीच योजना आणावी लागली. इटेनियमची पाठवणी २०२१ मध्यें कायमची थांबली. भरंवसा हवा म्हणून बाजारापासून तुटून राहणें परवडत नाहीं, असा त्याचा अर्थ.

पुण्याच्या वाटचालींतहि हाच मध्यममार्ग दिसतो. लहान ट्रान्सप्युटरांपासून निघालेली ‘परम’ची मालिका पुढें सर्व्हरांच्या प्रोसेसरांकडे वळली, ‘परम पद्म’मध्यें आय. बी. एम.चे ‘पॉवर ४’ प्रोसेसर होते. नोव्हेंबर २००७ मध्यें टाटा सन्सच्या पुणें येथील संगणनसंस्थेचा ‘एका’ हा महासंगणक जगांत चौथा आला, तो हजारों झिऑनांच्या बळावर. पुष्कळ प्रोसेसर एकत्र जुंपण्याची विद्या कोंबड्यांची राहिली, पण जुंपलेल्या प्रत्येक प्राण्याला पहारेकरी मिळाले.

आतां २०१९ सालच्या त्या दोन प्रोसेसरांकडे पुन्हां पाहावें. पस्तीसपट किंमत वेगाची नव्हती. महाग प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे आठ मार्ग होते, स्वस्ताला दोन. महागाला चार टेराबाइटपर्यंत मेमरी जोडतां येई, स्वस्ताला १२८ गिगाबाइटच. महागाची मेमरी पहारेकऱ्यांसहच येई. म्हणजे ती किंमत क्षमतेची आणि सचोटीची होती. ज्याला यांपैकीं कशाचीहि गरज नाहीं, त्यानें सर्व्हरचा प्रोसेसर घेणें म्हणजे घरापुढचें परसूं नांगरण्यासाठीं खिल्लारी जोडी बांधणें होय. ६५ वॅटांवर भागणाऱ्या घरांत २२५ वॅटांचें जनावर पोसावें लागतें, तें वेगळेंच.

म्हणून निवड करणाऱ्यानें किंमत विचारण्यापूर्वीं तीन गोष्टी ठरवाव्या. आपलें काम अनेकांत वांटतां येतें काय? एक यंत्र थांबलें तर किती माणसें हात जोडून बसून राहतील? आणि एखादा अंक गुपचूप बदलला, तर तो कोणाच्या नजरेस येईल? पत्रें लिहिणाऱ्या, चित्रें पाहणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या घराला स्वस्त प्रोसेसर पुरून उरतो. लहान पेढीला एका भारी यंत्रापेक्षां दोन साधीं यंत्रें आणि रोज ठेवलेली हिशेबाची दुसरी प्रत पुष्कळदां अधिक तारते. मात्र ती प्रत रोज ठेवणारा माणूस नेमलेला पाहिजे. जेथें रुग्णाची नोंद, ठेवीदाराची शिल्लक किंवा मतदाराचें मत एकाच यंत्राच्या स्मरणावर सोंपविलेलें आहे, तेथें निदान नवव्या चिपचे पैसे वांचवूं नयेत. चूक पकडणारा कोणी तरी लागतोच. तो चिपमध्यें नसेल, तर घरांत असला पाहिजे. आणि दोन्ही ठिकाणीं नसेल, तर वांचलेले पैसे हे वांचलेले नसून उधार घेतलेले असतात.